आमच्या बायबलवर्गाच्या बाईंना

आदरणीय बाई,

प्रभूच्या नावात सलाम.

हे पत्र उघड लिहिते आहे, कारण तुमच्या हाताखाली शिकलेल्या बायका आता गावोगावी आहेत आणि त्यांनाही ते वाचता यावे.

भाऊ गेला त्या वर्षी 'प्रार्थना कमी पडली' असे सुनावणारे पुष्कळ भेटले. तुम्ही तसे काही बोलला नाहीत. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा, म्हणजे येशूनंतरच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीच्या हकीकतीचा, 12वा अध्याय काढायला लावलात, तोही अगदी पहिल्या ओळीपासून. आम्हाला तो येशूचा शिष्य पेत्र याच्या तुरुंगातून सुटकेचा अध्याय म्हणून पाठ होता: साखळ्या गळून पडतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो, मार्कच्या आईच्या घरी दासी रुदा पेत्राचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार उघडायचेच सोडून आत पळते. (इथे तुम्ही दर वेळी हसायचात.) पण त्याआधी, सुरुवातीलाच, हेरोद राजा येशूचा दुसरा शिष्य, योहानाचा भाऊ याकोब, याला तरवारीने मारतो. पेत्रासाठी प्रार्थना करणारी मंडळी तीच. याकोबासाठी कोणी गुडघे टेकले नसतील का, एवढेच तुम्ही विचारलेत आणि उत्तर द्यायला गेला नाहीत. त्याबद्दल मी तुमची फार ऋणी आहे.

अद्भुते तेवढी वेचून वाचायची आमची सवयही तुम्हीच मोडलीत. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी मंडळीत सुमारे 3,000 लोकांची भर पडली हे आम्हाला ठाऊक होते. त्याच अध्यायाच्या शेवटी लोक मालमत्ता विकून ज्याच्या-त्याच्या गरजेप्रमाणे वाटतात, घरोघरी भाकर मोडतात, ते तुम्ही तितक्याच सावकाश वाचून घेतलेत. यापो गावची टबीथा मेली तेव्हा रडणाऱ्या विधवांनी पेत्राला तिने शिवलेले कपडे दाखवले. ती उठल्यावर पेत्राने तिला पुन्हा त्यांच्याच हवाली केले. मला विचाराल तर त्या गोष्टीतली खरी माणसे त्या विधवाच.

6वा अध्याय तुमचा लाडका. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते, कुरकुर सुरू होते, आणि 12 प्रेषित, म्हणजे येशूचे मुख्य शिष्य, ती दाबत नाहीत. सगळ्यांना बोलावून 7 जण निवडायला सांगतात. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक! म्हणजे बहुधा ज्यांची तक्रार, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप गेले. 'मंडळीत वाद नको' म्हणणाऱ्यांना हे वाचून दाखवा, असे तुम्ही सांगायचात. महिला मंडळाच्या हिशेबाच्या बैठकीत स्वतः वाचलेतही.

तुम्ही लावलेल्या गोडीने मी पुढचा इतिहासही चाळला. इ. स. 197च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन लिहितो, की मंडळीत दरमहा ज्याने-त्याने स्वखुशीने दिलेला पैसा गरिबांचे पोट भरायला, त्यांना माती द्यायला, अनाथांना, थकलेल्यांना, जहाज फुटून उघड्यावर आलेल्यांना जातो. 251 साली, रोमन बादशहा देकियसने चालवलेला ख्रिस्ती लोकांचा छळ नुकताच ओसरलेला असताना, रोमचा बिशप कॉर्नेलियस आपल्या मंडळीचा तपशील कळवतो: 46 वडील (मंडळीचे पुढारी), 7 डीकन (मंडळीचे सेवक) आणि 1,500हून अधिक विधवा व गरजू, सगळ्यांचा भार मंडळीवर. विधवांची ही मोजणी तुम्हाला आवडेल, म्हणून मुद्दाम लिहिली.

वर्ग आता माझ्याकडे आला आहे. पेन्टेकॉस्टपासून सुरुवात करा, असे पाळकसाहेब म्हणतात. मी 6व्या अध्यायापासून करते आहे.

तुमची,
मागच्या बाकावरची विद्यार्थिनी