डिस्चार्जच्या आधी हेही शिकवा

मा. संपादक, स.न.वि.वि.

माझी मुलगी आठ महिन्यांची असताना फळाचा तुकडा तिच्या घशात अडकला. खोकला नाही, रडण्याचा आवाज नाही, नुसतं तोंड उघडं आणि ओठ निळे पडत चाललेले. मी घाबरून तोंडात बोट घातलं, तुकडा अजून आत गेला. नवऱ्याने पाठीवर थापा मारल्या आणि तो कसाबसा बाहेर पडला, पण ते निव्वळ नशीब हो.

नंतर आम्ही दोघांनी प्रथमोपचाराचा कोर्स केला तेव्हा कळलं की बाळ जोरात खोकत असेल तर खोकू द्यायचं, पण आवाजच येत नसेल तर हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, दोन्ही खांद्यांच्या मधे ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब, आणि तुकडा निघेपर्यंत किंवा बाळ बेशुद्ध होईपर्यंत हेच चालू. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही. आणि दिसत नसलेली वस्तू काढायला बोट तर अजिबात घालायचं नाही, म्हणजे मी नेमकं तेच केलं होतं!

बेशुद्ध झालं तर ॲम्ब्युलन्सला फोन स्पीकरवर लावून सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं, ३० दाब आणि २ श्वास. डमीवर, म्हणजे सरावाच्या बाहुलीवर, दाबताना मला वाटलं किती जोरात दाबतेय मी, तर ट्रेनर म्हणाल्या अजून दाबा, छाती ४ सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने. व्हिडिओ बघून हा अंदाज येतच नाही, हाताला सवय लागते ती सरावानेच. बाळांमधे बहुतेक वेळा आधी श्वास अडतो आणि मग हृदय थांबतं, म्हणून ते २ श्वास द्यायचं टाळायचं नाही.

शिवाय शिकलेलं काही महिन्यांत विसरायला होतं, आणि पद्धतही बदलते. आधी दोन बोटांनी दाबायला शिकवायचे, अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२५ मधे ते काढून टाकलं, आता एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग किंवा दोन्ही अंगठे.

बाळंतपणानंतर आम्हाला अंघोळ, दूध, लसीचं कार्ड सगळं समजावलं, हे मात्र कोणी सांगितलं नाही. डिस्चार्जच्या आधी अर्धा तास आई, बाबा आणि बाळ सांभाळणारं घरातलं माणूस अशा सगळ्यांकडून डमीवर करून घ्या ना. लसीकरणाला तर पालक पुन्हा पुन्हा येतातच, लस दिल्यावर थोडा वेळ थांबतातही, तेव्हा तिथेच एक डमी ठेवा आणि परत एकदा करायला लावा.

आपली,
एक आई