हाड पुढे येईल, पण ओठ?

प्रिय मित्रा,

लेकाच्या वरच्या जबड्याचं ऑपरेशन ठरलं हे वाचून बरं वाटलं. अठरा पूर्ण झाली, जबड्याची वाढ थांबली, म्हणजे वेळ योग्य आहे. ‘आता चेहरा अगदी सरळ होईल ना?’ असं वहिनींनी विचारलंय. दातांना तारा लावायच्या माझ्या कामात त्याच्यासारखी, जन्मतः ओठ आणि टाळू फाटलेली मुलं नेहमी भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्याच्या या ऑपरेशनला ‘ल फोर्ट १’ म्हणतात. त्यात मागे राहिलेला वरचा जबडा दातांच्या मुळांच्या वर आडवा कापून पुढे आणतात आणि प्लेटा-स्क्रूंनी बसवतात. हाड किती मिलिमीटर सरकवायचं ते आधी ठरवता येतं. ओठाचं तसं नाही. हाड जेवढं पुढे येतं तेवढा ओठ सहसा कोणाचा येत नाही, आणि फाटलेला ओठ शिवलेल्यांचा नेमका किती येईल हे सांगणं आणखी अवघड. तान्हेपणी घातलेल्या टाक्यांचा वण त्याच्या ओठात आहे. बोटांत धरून बघ, तिथला ओठ घट्ट आणि आखूड लागेल. शिवलेल्या टाळूतले वण तर जबड्यालाही मागे ओढू पाहतात, म्हणून तो थोडा मागे सरकण्याची भीती या मुलांत जास्त.

नाकाचं वेगळंच. शेंडा वर उचलला जातो, नाकपुड्या रुंदावतात. त्या आवरायला सर्जन आतून एक टाका घालतात, तो घालणार का हे विचार. फाटलेल्या बाजूच्या नाकपुडीला खालून आधार मिळेल, पण तिचा वाकडेपणा राहील. तो नाकाच्या वेगळ्या ऑपरेशनचा विषय, आणि ते जबडा स्थिरावल्यावरच.

मला खरी काळजी त्याच्या बोलण्याची आहे. जबड्याबरोबर मऊ टाळूही पुढे येते, घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचेनाशी होऊ शकते आणि मग बोलताना हवा नाकातून निसटते. ‘प’, ‘ब’, ‘क’ गेंगाणे होऊ शकतात. इतक्या वर्षांच्या स्पीच थेरपीनं कमावलेलं बोलणं आहे ते! ऑपरेशनआधी नाकातून दुर्बीण घालून टाळूची हालचाल तपासून घ्याच, माझा आग्रह समज.

पहिले काही आठवडे चेहरा भलताच सुजलेला दिसेल, वरचा ओठ बधिर राहील. घरी येणाऱ्यांनी तोंडावर शेरे मारू नयेत, एवढं वहिनींनी आधीच सांगून ठेवावं. सूज पुरती उतरून ओठ-नाक बसायला सहा महिने ते वर्ष जातं.

दुर्बिणीचा रिपोर्ट आला की फोटो काढून लगेच पाठव. सर्जनशी बोलायला मीही येतो, फक्त दोन दिवस आधी कळव.

तुझा मित्र