बाबा, इथं काही फुटत नाहीये

ऑन्टॅरियो, ऑरेगन
रविवार, सकाळ

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा टीव्हीचा आवाज कमी करत नाहीत आणि माझं सांगणं अर्धवट राहतं, म्हणून पत्र. मी अगदी ठीक आहे. नोकरी, जेवणखाण सगळं नेहमीसारखंच, ते परत लिहीत नाही. आई, वजन उतरलेलं नाही, फोनमध्ये चेहरा तसा दिसतो.

बाबा, 'अमेरिका फुटणार' ही बातमी तुम्ही दोनदा पाठवली, काकांनी एकदा. तिच्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. टेक्सासमधले काही लोक देशातूनच बाहेर पडायचं म्हणतात. पण कुठल्याही राज्याला आपल्या मर्जीने बाहेर पडता येत नाही, हा इथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १८६९ चा आहे, तोही टेक्सासच्याच खटल्यातला. त्याआधी चार वर्षं यादवी होऊन लाखो माणसं मेली होती, हे इथं कुणी विसरलेलं नाही. माझ्या गावचं प्रकरण निराळं आहे. इथल्या लोकांना देश नकोसा झालेला नाही, त्यांना राज्य बदलून हवं आहे.

नकाशा काढाच. ऑरेगनच्या मधून उभी कॅस्केड पर्वताची रांग जाते. पश्चिमेला पाऊस, पोर्टलंड शहर, मोठ्या कंपन्या. पूर्वेला आम्ही: कोरडी जमीन, गुरं, कांदा, बटाटा. निम्म्याहून जास्त जमीन इकडे आणि माणसं दहात एकसुद्धा नाहीत, त्यामुळे निवडणूक कुठलीही असो, शब्द पोर्टलंडचाच चालतो. राजधानी सेलम इथून सहाशे किलोमीटरच्या पुढे, म्हणजे अकोल्याहून मुंबई. उलट स्नेक नदी ओलांडली की आयडाहो सुरू, त्यांची राजधानी बॉयसी तासाभरावर. आमची घड्याळंसुद्धा बॉयसीच्या वेळेवर चालतात, पोर्टलंडच्या एक तास पुढे. म्हणून या लोकांचं म्हणणं, राज्याची सीमाच पश्चिमेला सरकवा आणि आम्हाला आयडाहोत घ्या. 'ग्रेटर आयडाहो' म्हणतात त्याला. २०२० पासून १३ काउंटींनी (आपला जिल्हा समजा) मतदानात त्या बाजूने कौल दिला. वॅलोवा नावाच्या काउंटीत तर फरक फक्त ७ मतांचा होता. आयडाहोच्या विधानसभेने २०२३ मध्ये बोलणी करू असा ठराव केला, सेलमवाले मात्र दाद देत नाहीत. आपल्याकडे संसदेने ठरवलं की तेलंगण होतं, राज्याचं मत फक्त विचारतात. इथं दोन्ही राज्यांची विधिमंडळं आणि वर काँग्रेस म्हणजे इथली संसद, तिघांची संमती लागते. म्हणून सांगते, एका रात्रीत काहीही होणार नाही, आणि झालं तरी माझा व्हिसा देशाचा आहे, राज्याचा नाही.

आता मतदान कसं होतं ते सविस्तर सांगते, कारण तीस वर्षं इलेक्शन ड्युटी केलेल्या माणसाला हे पटणार नाही. इथं मतदान केंद्रच नाही! ना बूथ, ना शाई, ना केंद्राध्यक्ष. दोन-तीन आठवडे आधी मतपत्रिका टपालाने घरी येते. १९९८ मध्ये लोकांनीच मत देऊन ही पद्धत आणली. आमच्या घरमालकीणबाई परवा स्वयंपाकघरातल्या टेबलावर मतपत्रिका, माहितीपुस्तिका आणि भिंग घेऊन बसल्या होत्या. एकेका नावासमोरचा गोल निळ्या पेनने सावकाश भरायच्या, मध्येच उठून शेगडीवरचं सूप ढवळायच्या. दोन दिवस चाललं. मग पाकिटावर सही करून गावातल्या लोखंडी पेटीत टाकून आल्या. बाबा, तुम्ही विचारणार की आईची मतपत्रिका मुलाने भरली तर? पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीशी जुळवतात, जुळली नाही तर घरी पत्र येतं, आणि दुसऱ्याची सही करणं हा गुन्हा आहे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही विश्वास बसला नव्हता. तुम्ही रात्री दोनला पेट्या जमा करून यायचात आणि आई पिठलं गरम करत जागी असायची, तेच डोळ्यांसमोर आलं.

याच बाईंच्या अंगणात ग्रेटर आयडाहोची पाटी आहे. नवरा कांद्याची शेती करायचा, आता शेत खंडाने दिलं आहे. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "पाण्याचा नियम, डिझेलचा नियम, सगळं तिकडे ठरतं. ठरवणाऱ्याने कांद्याचं शेत पाहिलेलं नसतं." बाबा, मला तुमचा आवाज ऐकू आला. अकोला करार, नागपूर करार, विदर्भाचा अनुशेष, मंत्रालयात बसून ठरणारा कपाशीचा भाव. लहानपणी ते ऐकून मी उठून जायची. त्या दिवशी मात्र त्यांच्यासमोर तासभर बसले.

त्यांची नात पोर्टलंडला असते, ती अगदी विरुद्ध मताची. थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती येणार म्हणून आजीबाईंनी आदल्या दिवशी पाटी उपटून शेडमध्ये ठेवली. नात गेली त्या संध्याकाळी परत लावायला गेल्या. जमीन थंडीने कडक झाली होती, म्हणून मी हातोडी धरली. दोघी काही बोललो नाही.

सगळ्यांनाच आयडाहो हवं असं नाही. आमच्या प्लांटमध्ये कांदा निवडायला ज्या बायका आहेत त्यांना विचारलं तर चित्र उलटं. इकडे किमान मजुरी तासाला १४ डॉलरच्या वर, नदीपलीकडे ७.२५. त्या पाटीकडे बघतसुद्धा नाहीत. मला घरमालकीणबाईंचंही पटतं आणि या बायकांचंही, आणि रात्री झोप येत नाही.

मला कुणी वाईट वागवत नाही. गांजाची दुकानं आहेत, कायदेशीर आहेत, आयडाहोत बंदी म्हणून तिकडच्या गाड्या इकडे येतात. मी पायरीसुद्धा चढलेली नाही, मावशीला तसं सांगा.

आई, पोर्टलंडच्या स्थळाचं. दोनदा बोललो. मुलगा चांगला आहे, पगार चांगला, बोलतोही नीट. पण मी कुठे राहते ते कळल्यावर म्हणाला, "जाऊ दे की त्यांना आयडाहोत, ब्याद टळेल." मला लागलं ते. मी काही बोलले नाही, आणि न बोलल्याचं जास्त लागलं. लगेच नकार कळवू नकोस, अजून एकदा बोलते. तुझं ब्लड प्रेशर माझ्या लग्नाने वाढतं हे मला माहीत आहे.

पैसे गुरुवारी पाठवले, एक लाख चाळीस हजार. कर्जाचे आता चारच हप्ते उरले. त्यातले दहा हजार बाबांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचे, ते हप्त्यात घालू नका, पुढे ढकलू नका. दिवाळीला येणं कठीण दिसतं. व्हिसाचा शिक्का घ्यायला मुलाखतीची तारीख मिळत नाही, आणि तिकडे अडकले तर हप्ते कोण भरणार? मनातून यायचंच आहे.

आखाजीला आजीची घागर आईनेच भरली ना? मी इथं तांब्याभर पाणी आणि आंबा ठेवला होता, मेक्सिकोचा, गोड नव्हता. पुढच्या आखाजीला मी भरीन.

बँकेचा बोजा उतरला की सातबाऱ्याचा फोटो पाठवा. माझ्या शिक्षणासाठी तुम्ही शेत अडकवलं, ते सुटलेलं मला पाहायचं आहे.

तुमची,
मुक्ता

ता. क. ४५ च्या वर पारा आहे म्हणे. कूलरमधला वाळा बदलून घ्या, आणि दुपारी शेतात जाऊ नका.