तळ्याकडचं शेत विकू नका

बर्लिन

तीर्थरूप आई-बाबांस
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही तळ्याकडच्या दोन एकराला गिऱ्हाईक आलंय म्हणालात, तेव्हा मला काही बोलणं सुचलं नाही. म्हणून लिहिते आहे. शिक्षणसंस्थेला पैसे भरून मला प्राध्यापकाची जागा नको. त्यासाठी शेत विकू नका.

तुमची काळजी खोटी नाही. पीएचडी होऊन इतकी वर्षं झाली, तरी 'पोरगी कायम झाली का' या प्रश्नाला तुमच्याकडं उत्तर नसतं. माझ्याकडंही नाही. इथल्या कायद्यानं पीएचडीनंतर विद्यापीठात मुदतीच्या करारावर साधारण सहा वर्षं राहता येतं. प्रकल्पाचा पैसा असेल तर थोडं पुढं ढकलता येतं. कायमच्या जागा मोजक्या आणि माझ्यासारखे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे तात्पुरते संशोधक, ढिगानं. यातलं काही मी तुमच्यापासून लपवणार नाही.

पण विनाअनुदानित शाळेत तुम्ही किती वर्षं गणित शिकवलंत, आठवा. घर सोयाबीन-तुरीवर आणि आईच्या शिवणकामावर चाललं, तरी दहावीचे जादा तास कधी चुकले नाहीत. कायम होण्याआधीही काम मन लावून करता येतं, हे मी घरातच पाहिलं.

आणि माझं काम आपल्या घरातलंच आहे. थोरल्या काकांना क्षय झाला, सहा महिने सरकारी गोळ्या चालल्या. आपण सगळे एकाच छपराखाली होतो, मग आपल्याला का झाला नाही? जगातल्या जवळपास पाव लोकांच्या शरीरात हा जंतू शिरलेला असतो, पण आयुष्यभरात आजारी पडतात त्यातले 5 ते 10 टक्के. बाकीच्यांच्या फुप्फुसात पेशी जंतूभोवती वेढा घालून बसतात. रोगाशी लढणाऱ्या टी पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचं प्रथिन सोडून त्या पेशींना बळ देतात. एचआयव्हीत याच टी पेशी घटतात, म्हणून तिथं क्षय उसळतो. वेढा कुणात टिकतो आणि कुणात फुटतो, हे मी शोधते.

आई, आम्हा भावंडांच्या दंडावर बीसीजीचा वण आहे ना? ती लस 1921 पासून आहे. लहान लेकरांना मेंदूच्या क्षयापासून ती वाचवते, पण मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयापुढं तिचा भरवसा नाही. तामिळनाडूत चिंगलपट्टूला 1968 मध्ये सुरू झालेल्या मोठ्या चाचणीतही मोठ्या माणसांना तिचा उपयोग दिसला नाही. आता एम-72 नावाची नवी लस आहे. आधीच्या चाचणीत तिनं आजार निम्म्यावर आणला आणि 2024 पासून तिची मोठी चाचणी सुरू आहे. ती नेमकी कशामुळं काम करते, हे कुणीतरी पेशींपर्यंत जाऊन पाहायला हवं. मला ते करायचंय.

हे काम रेंगाळतं, कारण जंतूच संथ आहे. एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास पूर्ण दिवस लागतो, प्रयोगशाळेतल्या थाळीत तो डोळ्यांना दिसायला तीन-चार आठवडे. करार संपत येतो तेव्हा कुठं निकाल हाती यायला लागतात.

पुढचं ठरवलंय. या कामावरचा माझा पेपर छापून आला की रामलिंगस्वामी फेलोशिपला अर्ज करणार. परदेशातल्या भारतीय संशोधकांना परत आणण्यासाठी केंद्र सरकार ती देतं, पाच वर्षांची. पुण्यात एनसीसीएस या पेशींवरच्या सरकारी संशोधन संस्थेत जागा मिळाली तर आंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यातल्या रुग्णांचे नमुने घेऊन काम करायची माझी इच्छा आहे. फेलोशिप नाही मिळाली, तर पुण्या-हैदराबादच्या लस कंपन्यांत प्रयत्न करेन. तेही शास्त्राचंच काम आहे, मला त्यात कमीपणा वाटणार नाही.

बाबा, दहावीच्या केंद्रावर तुम्ही कॉपी होऊ दिली नाहीत म्हणून गावानं वर्षभर तोंड फिरवलं होतं. तुमच्या मुलीनं पैसे मोजून वर्गात उभं राहायचं, हे तुम्हालाही सोसणार नाही. माझ्यासाठी म्हणून तुम्ही तयार झालात, हे मला कळतंय.

इसार घेतला असेल तर या आठवड्यातच परत करा. रक्कम खर्च झाली असेल तर सांगा, मी पाठवते. आईचा गुडघा लातूरला दाखवून घ्या, तेवढ्यासाठी येळवशीच्या सणाची वाट बघू नका. मी येळवशीला येतेच आहे.

तुमची लेक