तिन्ही वेळा ग्राहक घरीच होते

ताई, सप्रेम नमस्कार.

कंपनीच्या ग्राहक सेवेतून तुम्ही बाबांना फोन केलात, तेव्हापासून तुमचं नाव बाबांच्या वहीत आहे. तारीख, वेळ, नाव, आणि नावाखाली दोन रेघा. इथे ते लिहीत नाही, कारण तुम्हाला विचारलेलं नाही आणि माझ्या कौतुकापायी कामावर तुम्हाला कुणी नसते प्रश्न विचारावेत असं मला नको आहे. पण हे तुमच्या वाचनात आलं तर लगेच ओळखाल. पाटणच्या वरच्या अंगाचं गाव, वाफेचं मशीन, आणि फोनवर फार सावकाश बोलणारे एक रिटायर्ड कंडक्टर. ते माझे बाबा.

आईला दमा आहे. जुलैत कोयनेच्या खोऱ्यात पाऊस लागला की भिंतींना ओल धरते, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत आणि आईची छाती वाजायला लागते. डॉक्टर म्हणाले, नेब्युलायझर घरीच घेऊन ठेवा. मी पुण्यात नोकरीला. मोठी कंपनी, मोठं नाव, म्हणून डोळे झाकून ऑनलाइन ऑर्डर केलं आणि पत्ता गावचा दिला. मशीन आलं. बाबांनी नळी जोडली, वाटीत औषध ओतलं, आईच्या तोंडाला मास्क लावला आणि बटण दाबलं. मशीन घरघरायला लागलं, पण मास्कमध्ये वाफ काही येईना.

पुढचे अठरा दिवस कसे गेले ते सगळं सांगत बसत नाही. दर वेळी नवा माणूस आणि दर वेळी पहिल्यापासून पाढा. हे दाबा, ते दाबा, मग हिंदी, नाहीतर इंग्रजी. बाबा हिंदीत सांगायचे, "मशीन चालू होता है, पर भाप नहीं आता." पलीकडून उत्तर यायचं, चालू होतंय ना, मग वस्तू चांगली आहे. तक्रार बंद. दोनदा अशी बंद केली. तोवर आईला वाफ द्यायला वडापच्या जीपनं पाटणला दवाखान्यात न्यावं लागत होतं, भर पावसात, शाल गुंडाळून. फोनवरच्या त्या सगळ्यांना हे सांगितलं होतं. एकानंही "आता त्या कशा आहेत" असं विचारलं नाही. मला याचा आजही राग आहे.

मग मशीन परत न्यायला माणूस पाठवतो म्हणाले. बाबा सकाळी सातपासून ओट्यावर खुर्ची टाकून बसले. मशीन खोक्यात घालून, वर प्लास्टिकचा कागद बांधून मांडीवर. संध्याकाळी मोबाइलवर इंग्रजीत मेसेज आला. मी फोनवर त्यांना अर्थ सांगितला : माणूस आला होता, ग्राहक उपलब्ध नव्हते. बाबा म्हणाले, "अगं, मी सकाळपासनं हितंच हाय." दुसऱ्यांदाही तसंच झालं आणि तिसऱ्यांदाही.

बाबांनी तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. टप्प्याटप्प्याला वे-बिल भरायचं, कुठल्या टप्प्यावर कुठल्या नंबरचं तिकीट गेलं ते लिहायचं, रात्री डेपोत पैशांचा हिशेब द्यायचा. जे घडलं तेच कागदावर, आणि कागदावर आहे तेच घडलेलं, अशी त्यांची सगळी जिंदगी गेली. त्या माणसाच्या नावापुढे तीनदा लिहिलं गेलं की हा घरी नव्हता. मशीनचे पैसे गेले असते तरी त्यांना एवढं लागलं नसतं. तिसऱ्या दिवशी ते रात्री जेवले नाहीत.

गावात फिरणाऱ्या पोरांवर माझा राग नाही, हेही लिहून ठेवते. त्या पावसात, त्या रस्त्यांवर, पाठीवर एवढं ओझं घेऊन कुणी प्रत्येक वाडीपर्यंत पोचू शकत नाही. पण "आज जमलं नाही" असं खरं लिहायला त्या मोबाइलमध्ये जागा असती, तर त्यानं तरी खोटं का लिहिलं असतं?

यानंतर जे झालं ते तुम्हाला बाबांनी सांगितलं नसेल, कारण त्यांना लाज वाटते. मी कामात होते. त्यांनी शेजारच्या पोराकडून नेटवर कंपनीचा नंबर शोधून घेतला आणि फोन लावला. पलीकडचा माणूस मराठीत बोलला, अगदी गोड. बाबांना "काका" म्हणाला, आईची चौकशी केली. मग म्हणाला, पैसे परत द्यायला एक छोटं अ‍ॅप उतरवून घ्या आणि पाच रुपये पाठवा. अ‍ॅप अर्धंमुर्धं उतरलंही होतं. त्या पोराच्या बहिणीनं स्क्रीन पाहिली आणि मोबाइल हातातून काढून घेतला, म्हणून वाचलो. असं कुणाचं झालंच आणि पैसे गेले, तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा, तासाभराचासुद्धा उशीर करू नये. पण माझ्या मनात दुसरंच घर करून बसलंय. अठरा दिवसांत बाबांशी मराठीत मायेनं बोलणारा पहिला माणूस चोर होता. मोठमोठ्या खरेदीच्या अ‍ॅपमध्ये २०२१ पासून मराठी आली आहे. वस्तू मराठीत दिसते, भाव मराठीत दिसतो. आणि बिघडलं की सांगायचं कुणाला, त्या दारावर मात्र पाटीच नाही. कंपनीनं दार लपवलं की चोर आपली पाटी लावतो, मोठ्या अक्षरांत.

दार असतं, हे मला तेव्हा कळलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क आपल्या साइटवर द्यावा लागतो. त्यानं तक्रार पोचल्याचं ४८ तासांत कळवायचं आणि महिन्याभरात ती सोडवायची. मी त्या अधिकाऱ्याला मराठीत लिहिलं आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. तिथे १७ भाषांत बोलता येतं, मराठीतही. ज्या पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत उभी केली, त्याच पुण्यात इतकी वर्षं राहून मला हे ठाऊक नव्हतं. आधी ठाऊक असतं तर आईच्या पाटणच्या चार फेऱ्या वाचल्या असत्या.

आणि मग तुमचा फोन आला.

मी त्या रविवारी गावी होते, बाबांच्या शेजारी ओट्याच्या पायरीवर. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर लावलेला. तुम्ही मराठीत बोललात आणि बाबा एकदम सावध झाले. म्हणाले, "ओटीपी न्हाई देणार मी." आधीचे फोनवाले अशा वेळी चिडायचे. तुम्ही म्हणालात, "देऊच नका काका. मला काहीच नको तुमच्याकडून. नसेल विश्वास तर फोन ठेवून द्या, अ‍ॅपमध्ये माझा मेसेज येईल तो पाहा, मग मी परत करते." बाबांनी खरंच फोन ठेवला. मेसेज आला, मी वाचून दाखवला. दहा मिनिटांनी तुमचा फोन परत वाजला.

"आता सांगा न काका, आरामात. मी लिहून राहिली."

बोलण्यावरून तुम्ही विदर्भाकडच्या असाव्यात. बाबांनी सांगितलं, पहिल्यापासून, थांबत थांबत, मध्येच आईच्या आजारपणात शिरून. तुम्ही एकदाही तोडलं नाहीत. मधूनमधून फक्त कळफलकाचा आवाज यायचा. सांगून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "मी काय लिहिलं ते वाचून दाखवते, चुकलं तर थांबवा." आणि वाचलंत : मशीन चालू होतं, घरघर आवाज येतो, पण मास्कमध्ये वाफ येत नाही. पत्नीला दमा आहे. न्यायला माणूस येणार असं तीनदा कळवलं, कुणी आलं नाही. तिन्ही वेळा ग्राहक घरीच होते.

बाबा काहीच बोलले नाहीत. पत्र्यावर पाऊस वाजत होता, तुम्हाला वाटलं असेल लाइन गेली. मग ते म्हणाले, "ताई, शेवटचं तेवढं परत वाचता का?"

तुम्ही परत वाचलंत. घाई न करता, शब्द सुटा सुटा करून. तिन्ही वेळा. ग्राहक. घरीच होते.

बाबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला, परत काढला. वडिलांना असं बघायची मला सवय नाही, म्हणून मी अंगणाकडे तोंड करून बसले.

तुम्ही मशीन बदलून दिलंत, त्याबद्दल आभार आहेतच. पण ते नियमात होतं, आज ना उद्या कुणी तरी दिलंच असतं. ते वाक्य लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांदा वाचायला तर मुळीच नाही. तुमच्या फोनची मिनिटं कुणी मोजत असेल, मागे रांगेत आणखी कितीतरी जण असतील, तरी तुम्ही एका म्हाताऱ्या माणसासाठी थांबलात. त्या रात्री बाबा नीट जेवले आणि जेवताना बोलायला लागले. म्हणाले, आमच्या स्टँडवर तक्रार वही कंट्रोलरच्या टेबलावर असायची. माणूस तापून यायचा, लिहायचा, आणि लिहून झालं की निम्मा शांत व्हायचा. गाडी तेवढ्यानं वेळेवर यायची नाही, पण आपलं म्हणणं कुणी तरी धरलं असं त्याला वाटायचं. मग त्यांना बँकेतला तो कॅशियर आठवला जो अडाणी बायकांच्या स्लिपा स्वतः भरून द्यायचा, आणि तो पोस्टमन जो मनीऑर्डरीसोबत आलेला मजकूर उंबऱ्यावर बसून वाचून दाखवायचा. अशा माणसांची नावं त्यांना चाळीस-चाळीस वर्षांनी पाठ आहेत. आता त्यात तुमचं आलं.

मशीन गुरुवारी आलं. ते घेऊन आलेला पोरगा नखशिखांत भिजलेला होता. आईनं त्याला टॉवेल दिला, चहा दिला. मग स्वतः मास्क लावून बसली, आणि बाबा शेजारी बसून मास्कच्या भोकांतून येणारी पांढरी वाफ बघत राहिले, औषध संपेपर्यंत.

आज तुम्हाला पत्र लिहिते आहे म्हटल्यावर मी बाबांना फोन केला, त्यांच्याकडून काही लिहू का म्हणून. ते म्हणाले थांब. वही काढल्याचा आवाज आला, पानं उलटली.

"लिही. मशीन गुरुवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी मिळालं. मी घरीच होतो."