फोटोतली गाय देशी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर वसुबारसेचा फोटो छापलात, खाली ओळ 'देशी गोमातेला पुरणपोळीचा घास'. एकतर ती गाय देशी नाही. काळीपांढरी, पाठीवर वशिंड नाही, गळ्याखाली पोळी (म्हणजे लोंबती कातडी) नाही, सरळसरळ परदेशी होल्स्टीन जातीची दिसतीय. सरकारने 30 सप्टेंबर 2024 ला राज्यमाता म्हणून जाहीर केली ती देशी गाय, त्यामुळे या बाईंना तो मानही लागू होत नाही. गळ्याला पोळी नाही म्हणून लोक तोंडात कोंबत होते की काय कोण जाणे.

आणि पुरवणीत अख्खं पानभर लेख, खेड्यात गाईला कसं आईसारखं मानतात वगैरे. मानतात की. मी सासवडकडचा, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत वाढलोय. पण लेखिकाबाईंनी गोठा लांबूनच बघितला असावा, कारण गाईला काय घालू नये याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

परवा आमच्या सोसायटीतही हेच झालं. टेम्पोतून गाय-वासरू आणलं, पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकवर गाईचे खूर घसरत होते, वासरू जवळ गेलं की ती शिंगाने ढकलत होती, म्हणजे ते तिचं नव्हतंच. लाइन लावून प्रत्येकजण एकेक पोळी, सेल्फी, मग पुढचा. मी एकतीसपर्यंत मोजल्या आणि सेक्रेटरींना म्हटलं अहो बास करा, तर ते म्हणाले काका श्रद्धेचा विषय आहे. गाईवाल्याला बाजूला घेऊन विचारलं तर हळूच म्हणाला, ही तिसरी सोसायटी, अजून दोन आहेत. आता बोला.

आणि गंमत अशी की वसुबारसेचा उपास करणारी बाई त्या दिवशी गहू-मूग खात नाही, दूधदुभतं घेत नाही, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाते. इथे उपासवाल्या बायकाच गाईला गव्हाच्या पोळ्या चारत होत्या आणि नंतर सगळ्यांना मसाला दूध होतं! आमची आजी त्या दिवशी चहासुद्धा कोरा प्यायची, आजचं दूध वासराचं म्हणायची आणि वासराचं दावं सोडून द्यायची. गाईचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, केळीच्या पानावर एक उडदाचा वडा आणि मूठभर भात. मूठभर म्हणजे आजीची मूठ, तीपण बारकी.

ती मूठ का, ते मला नंतर कळलं. चुलत्याच्या लग्नात पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याने पुण्य लागेल म्हणून उरलेला भात आणि बुंदी पाटीभर आमच्या हरणीपुढे ओतली. मांडवाच्या गडबडीत कुणाचं लक्ष नव्हतं. दिवेलागणीला तिने रवंथ सोडलं, रात्री डावी कूस ढोलासारखी ताठ, दात करकर वाजवत होती. गोडेतेल पाजलं, तोंडात आडवी काठी बांधली, आजी रात्रभर कंदील घेऊन कूस चोळत बसली. तालुक्याचे डॉक्टर सकाळी मोटरसायकलवर आले तोवर हरणी गेली होती. रवंथ करणाऱ्या जनावराला एकदम एवढा भात, पीठ, गोड घातलं की पोटात आंबतं, ॲसिड होतं, मग ढेकर देऊनही सुटका होत नाही, हे तेव्हा डॉक्टरांनी समजावलं. बांधावर खड्ड्यात मीठ टाकून पुरली, आजीने वर खण घातला. पाहुणे तोवर पहिल्या एसटीने पुण्याला परत गेले होते, त्यांना कुणी काही बोललंच नाही, आणि मला तर आजही ते गाईला पोळी देणाऱ्या प्रत्येक रांगेत उभे दिसतात.

सावरकर गाईला उपयुक्त पशू म्हणायचे, त्यावरून आमच्या कट्ट्यावर दर दिवाळीला भांडण होतं, मला त्यात पडायचं नाही. देवी म्हणा नाहीतर पशू म्हणा, पोट तेच आहे. जाता जाता, लेखात 2015 पासून गोहत्याबंदी असं लिहिलंय तेही चूक. गाईसाठीचा कायदा 1976 चाच, 2015 ला त्यात बैल आणि वळू आले. तुमच्याकडे मुद्रितशोधन वगैरे खातं शिल्लक आहे की बंद केलं?

माझं मागचं बसथांब्याचं पत्र तुम्ही निम्मं कापून छापलंत आणि नेमकं कामाचं वाक्यच उडवलंत. या वेळी कापायचंच असेल तर सावरकरांचं कापा, हरणीचं राहू द्या. आणि उद्या निदान फोटोखालची ओळ तरी दुरुस्त करा.

आपला,
एक जुना वाचक, धनकवडी, पुणे