फॉरमॅट न मारल्याबद्दल आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

वयाने तुम्ही माझ्या धाकट्या भावाहूनही लहान, पण साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या तुमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात सगळेच तुम्हाला दादा म्हणतात आणि मलाही तेच तोंडी बसलंय.

आभार मानायला फार उशीर झाला. आज लिहायला बसले त्याला निमित्त घडलं. माझ्यासारखंच घरी डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम, करणाऱ्या ओळखीच्या एका ताईंच्या कॉम्प्युटरला मागच्या महिन्यात रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप घालून पैसे मागणारा प्रोग्राम, लागलं. बघायला आलेला मुलगा "व्हायरस आहे" म्हणाला, फॉरमॅट मारला म्हणजे डिस्क पुसली, नवी विंडोज टाकली, पैसे घेतले आणि गेला. कॉम्प्युटर आता झकास चालतो. आत काही नाही, एवढंच. त्यांचं रडगाणं ऐकून फोन ठेवला आणि पहिली आठवण तुमची झाली. २०२० साली माझ्याकडे हेच घडलं, तेव्हा तुम्ही त्या दिवशी माझी एकसुद्धा फाइल उघडून दिली नव्हतीत. मला आभार मानायचेत ते त्याच दिवसाचे. पत्र उघडं लिहितेय, म्हणजे आमच्या धंद्यातल्या आणखी चार जणींच्या नजरेखालून जाईल.

लॉकडाऊनच्या जरा आधीची गोष्ट. कोरेल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकून द्यायला एक जण पेनड्राइव्हवर क्रॅक, म्हणजे पैसे न भरता सॉफ्टवेअर चालवायची फाइल, घेऊन आला होता. "आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, नाहीतर क्रॅक चालत नाही," असं त्याने अगदी सहज सांगितलं, जसं काही ते कोरेलच्या पुस्तकातच लिहिलंय. तो गेल्यावर थोड्या वेळाने स्क्रीनवर विंडोज अपडेटची खिडकी आली. अपडेट चाललंय म्हणून मी स्वयंपाकाला लागले. ती खिडकी खोटी होती आणि तिच्या आड फाइलींना कुलपं लागत होती, हे नंतर तुमच्याकडून कळलं. परत येऊन बघते तर पानं लावायच्या पेजमेकरच्या, वर्डच्या, कोरेलच्या सगळ्या फाइलींची चित्रं पांढरी आणि प्रत्येक नावामागे चार अक्षरांचं निरर्थक शेपूट. शेपूट खोडून नाव पूर्ववत केलं तरी पेजमेकर ती फाइल ओळखेना. प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची एक टेक्स्ट फाइल पडलेली. आत इंग्रजीत सुरुवातीलाच धीर दिलेला, काळजी करू नका, तुमच्या सगळ्या फाइली परत मिळतील. आणि खाली भाव: ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, ४९०. वानगीदाखल एक फाइल फुकट सोडवून देऊ, हेही वर. सेलची जाहिरात वाचतेय असं वाटलं.

मी तुम्हाला फोन लावला तेव्हा माझ्या हातात बॅकअपची हार्ड डिस्क होती. दिवाळी अंकापर्यंतचं काम तिच्यावर होतं, ते तरी शाबूत आहे का बघावं म्हणून लावणारच होते. तुम्ही माझं वाक्यही पुरं होऊ दिलं नाहीत. "ताई, काही लावू नका. राउटर बंद करा, मशीन बंद करा आणि तसंच घेऊन या." दुकानात आल्यावर कारण सांगितलंत. या जातीचं रॅन्समवेअर विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणाऱ्या यादीत, स्वतःची एक नोंद करून ठेवतं आणि दर थोड्या मिनिटांनी पुन्हा जागं होतं. डिस्क लावली असती तर तिचीही तीच गत झाली असती. त्या एका वाक्याने माझी तीन दिवाळी अंकांची मेहनत वाचली, हे तेव्हा लक्षातही आलं नाही. तेव्हा मी फक्त घाबरलेले होते.

तुमचं काम मी टेबलाच्या अलीकडे बसून पाहिलं. तुम्ही माझं मशीन चालूच केलं नाहीत. डिस्क बाहेर काढली, विंडोज नसलेल्या, लिनक्सवर चालणाऱ्या तुमच्या मशीनला जोडली आणि आधी सगळंच्या सगळं, कुलूप लागलेल्या फाइलींसकट, दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलंत. कुलूपबंद फाइली कशाला जपायच्या, हे काही मला कळेना. मग ती चिठ्ठी आणि एक बंद फाइल आयडी रॅन्समवेअर नावाच्या साइटवर चढवलीत आणि रोगाचं नाव सांगितलंत: स्टॉप, म्हणजेच डीजेव्हीयू. त्या काळी घरच्या कॉम्प्युटरांना सगळ्यात जास्त छळणारं हेच, आणि पसरायचं तेही बहुतेक क्रॅक आणि कीजेन, म्हणजे खोटे लायसन्स नंबर बनवणारे प्रोग्राम, यांमधूनच.

पुढची दहा मिनिटं मला अजून जशीच्या तशी आठवतात. सी ड्राइव्हवर सिस्टीमआयडी नावाचं फोल्डर होतं, त्यात पर्सनलआयडीची फाइल. अक्षर-आकड्यांच्या दोन लांबलचक ओळी. पहिल्या ओळीच्या शेपटाशी तुम्ही पेन्सिलीचं टोक ठेवलंत. "हे बघा, टी१. हा ऑफलाइन आयडी." कुलूप लावण्याआधी हा प्रोग्राम त्याच्या मालकाच्या सर्व्हरकडून खास त्या मशीनपुरती किल्ली मागवतो. सर्व्हर मिळाला नाही तर अडून बसत नाही, पोटात आधीच भरलेली किल्ली वापरतो. ती किल्ली त्या आवृत्तीच्या सगळ्या बळींना एकच. आमचं ब्रॉडबँड त्या दुपारी बंद होतं आणि मी सकाळपासून त्यांच्या नावाने बोटं मोडत होते! दुसरी ओळ टी१ने संपत नव्हती. संध्याकाळी नेट परत आलं, त्यानंतर ज्या फाइलींवर हात पडला त्यांची किल्ली वेगळी. "या दुसऱ्या ओळीच्या फाइलींची आशा धरू नका," असं तुम्ही तोंडावर सांगितलंत. आणि पहिल्या ओळीबद्दल म्हणालात, "आज उघडणार नाहीत. कदाचित पुढे उघडतील. डिस्कवर नाव घालून कपाटात ठेवा."

एमसीसॉफ्ट कंपनीचा फुकट डिक्रिप्टर, म्हणजे कुलूप उघडणारा प्रोग्राम, तुम्ही माझ्यासमोर चालवला. त्यानेही तेच सांगितलं: किल्ली नाही, पण आयडी ऑफलाइन दिसतोय, पुढे कधीतरी शक्य होईल. हे औजार ऑक्टोबर २०१९ मध्ये आलं, तेव्हा स्टॉपच्या १४८ आवृत्त्यांवर ते चालत होतं. पण त्याच वर्षी ऑगस्टच्या सुमारास चोरांनी कुलपाची पद्धत पक्की करून घेतली होती आणि माझ्याकडे आलं ते त्यानंतरचं. औजार बनवण्यात ज्याचा मोठा हात आहे आणि ती ओळख पटवणारी साइट ज्याने उभी केली, तो मायकल गिलेस्पी अमेरिकेत इलिनॉय राज्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातच नोकरी करायचा, हे सांगताना तुमचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. २०१७ मध्ये एफबीआयने त्याचा सन्मान केला म्हणालात. नाक्यावरच्या दुकानदाराला इतका अभिमान वाटावा असा जातभाई इलिनॉयमध्ये असू शकतो, हे मला फार आवडलं.

पैसे द्यायचे का, हा प्रश्न आमच्या घरी रात्रभर चालला. ४९० डॉलर म्हणजे तेव्हाच्या भावाने पस्तीस हजारांच्या घरात. एका बाईंचा पीएचडीचा प्रबंध माझ्याकडे होता, तारीख जवळ आलेली, आमचे हे म्हणाले टाक एकदाचे. तुम्ही उपदेश केला नाहीत. विचारलंत एवढंच, "प्रबंधाची प्रुफं त्या बाईंना कशी पाठवता?" मेलवर, पीडीएफ करून. झालं! सेंटमध्ये सगळी प्रकरणं पडलेली. श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटांच्या पीडीएफमधून मजकूर उचलला की आधी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी येते, पण तीच पेजमेकरमध्ये टाकून पुन्हा श्रीलिपीचा फाँट दिला की बरंचसं जागच्या जागी उमटतं. युनिकोड ही आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत वापरणारे आम्हाला हसतात, त्या दिवशी आमचे जुने फाँटच कामी आले. लग्नपत्रिका गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअॅपवर सापडल्या. पुतणीच्या लग्नाचा व्हिडिओ तुम्ही मीडिया रिपेअर नावाच्या औजाराने उठवलात. स्टॉप घाईत असतं, फाइलीचा सुरुवातीचा दीडशे केबीचा तुकडाच फक्त नासवतं, म्हणून मोठ्या व्हिडिओचं बाकीचं अंग धडधाकट राहतं. त्याच कॅमेऱ्याचा दुसरा एक चांगला व्हिडिओ नमुन्याला दिला आणि पुतणी पुन्हा बोहल्यावर चढली, सुरुवातीचे थोडे क्षण सोडून. पेजमेकरच्या माझ्या लहान फाइलींना मात्र ही सवलत नाही, त्या दीडशे केबीच्या आतच संपतात.

एक गोष्ट माझ्या डोक्यात कधीच आली नसती. तुम्ही म्हणालात, फाइलींचं नंतर बघू, आधी मोबाइलवरून बँकेचा आणि मेलचा पासवर्ड बदला. या रॅन्समवेअरबरोबर पुष्कळदा पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही येतो, ब्राउझरमध्ये जपून ठेवलेलं सगळं तो आधीच घेऊन गेलेला असतो. कुलूप दिसतं म्हणून आपण कुलपापाशी बसतो आणि मागच्या दाराकडे कोणाचंच लक्ष नसतं. त्या ताईंकडे फॉरमॅट मारणाऱ्या मुलाने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी पासवर्ड बदलले. सायबर पोलिसांच्या पोर्टलवर तक्रारही तुम्हीच करायला लावलीत. तिचं पुढे काही झालं नाही, पण नोंद झाली आणि प्रबंधवाल्या बाईंच्या गाइडना दाखवायला माझ्याजवळ कागद आला.

माझ्या मशीनची साफसफाई तुम्ही केलीत ती मात्र मुळापासून. म्हणजे फॉरमॅट मारलात तुम्हीही! पण सगळं दुसरीकडे उतरवल्यावर, नवी विंडोज टाकून. नुसता अँटिव्हायरस फिरवून भागणार नाही, हे पटवायला तुम्ही जुन्या डिस्कवरची होस्ट्स नावाची फाइल उघडून दाखवलीत. अँटिव्हायरसवाल्यांच्या साइटांची नावं त्यात एकाखाली एक भरून ठेवलेली, म्हणजे मदत शोधायला गेलं तर ती पानं उघडूच नयेत. एवढी काळजी माझ्या गिऱ्हाइकांपैकी एकानेही कधी शुद्धलेखनाची घेतलेली नाही.

मग लॉकडाऊन लागला. डिस्क कपाटात. मधे जून महिन्यात भावाच्या मुलाने मला स्टॉपचा दुसराच एक डिक्रिप्टर पाठवला. मी चालवण्याआधी तुम्हाला विचारलं आणि तुम्ही दुकान बंद असतानाही फोनवर ओरडलात. खरंच त्याच महिन्यात झोराब नावाचं रॅन्समवेअर स्टॉपचा डिक्रिप्टर म्हणून फिरत होतं आणि आधीच कुलूप असलेल्या फाइलींना दुसरं कुलूप घालत होतं. हेही गिलेस्पीनेच पकडलं. बुडत्याच्या खिशातली काडीही चोरणारी माणसं असतात.

पावसाळा संपता संपता तुमचा फोन आला, "ताई, डिस्क घेऊन या, तुमच्या आवृत्तीची किल्ली आलीय." तुम्ही अधूनमधून बघत होतात, मला न सांगता, पैशाचा विषय न काढता. डिक्रिप्टरच्या काळ्या चौकटीत फाइलींची नावं एकामागून एक सरकायला लागली. मराठी नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये, मीच घाईघाईत दिलेली: पत्रिका फायनल, पत्रिका फायनल नवी, पत्रिका खरंच फायनल. किल्ली आली कुठून, तेही तुम्ही सांगितलंत. त्याच आवृत्तीत सापडलेल्या कोणीतरी चोरांना पैसे भरले, मिळालेली ऑफलाइन किल्ली एमसीसॉफ्टच्या हवाली केली आणि तिने आम्हा सगळ्यांची कुलपं उघडली. पैसे देऊ नयेत हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. तरी त्या माणसाच्या खिशातून गेलेल्या पैशांवर माझं दिवाळीनंतरचं काम परत आलं, हेही खरंच आहे, आणि या दोन्हींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही. त्याला नाव-गाव माहीत नसताना इथेच धन्यवाद देते. दुसऱ्या ओळीच्या फाइली आजही बंद आहेत, तुम्ही म्हणाला होतात तशाच.

आता माझ्याकडे बॅकअपच्या दोन डिस्का आहेत, एक आठवडा ही, एक आठवडा ती, आणि काम झालं की वायर बाहेर. क्रॅक घरात येत नाही, बरंचसं काम इंकस्केप या फुकट मिळणाऱ्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर होतं. विंडोजमधली फोल्डर राखणारी सोय तुम्ही चालू करून दिलीत, ती पहिले काही दिवस पेजमेकरलाच चोर समजत होती. परवानगीच्या यादीत त्याचं नाव घातल्यावर गप्प बसली.

त्या ताईंना मी तुमचा पत्ता दिलाय. फॉरमॅटनंतर डिस्कवर फारसं काही लिहिलं गेलेलं नाही, कॉम्प्युटर त्यांनी मी सांगितल्यापासून बंद ठेवलाय. बुधवारी येतील. काही निघणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा, माझ्यापेक्षा त्या खंबीर आहेत.

आणि तुमचं बिलबुक संपत आलंय म्हणालात. मजकूर पाठवा, सेटिंगचे पैसे घेणार नाही. 'डेटा रिकव्हरी' ही ओळ या वेळी तरी घाला, आणि मजकूर कृपा करून मेलवर पाठवा, पेनड्राइव्हवर नको.

तुमची,
पेजमेकरवाल्या ताई, सातारा